घोळ समजून उपटू नका : चिनी गुलाबाची ओळख व लागवड



भोकरदन तालुक्यातील धावडा परिसरात उन्हाळी मिरचीची लागवड पाहण्यासाठी आम्ही एका एप्रिल महिन्यात गेलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. ऊन चांगलेच तापले होते. एका घरासमोर चहासाठी थांबलो, तर तुळशी वृंदावनाच्या कडेने गुलाबी, पिवळी, केशरी आणि पांढरी फुले गालिच्यासारखी पसरलेली दिसली. त्याच अंगणात शेवंतीचे नुसते खराटे उरले होते आणि मोगऱ्याची पाने गळाली होती. घरातील आजींना विचारले, "याला पाणी किती घालता?" त्या म्हणाल्या, "लई न्हाई. तांदळाचं, भाजीचं धुवन तेवढं टाकते, तेबी दोन-तीन दिसाआड."

पुढे त्यांनी जे सांगितले ते महत्त्वाचे. आदल्या वर्षी घरात नवी सून आली. तिने ही कोवळी रोपे चिवळ समजून खुडली आणि मुगाच्या डाळीत घालून भाजी केली! कोणाला काही अपाय झाला नाही, पण अंगण ओके झाले. शेजारच्या घरी याच्या उलट घडले होते. तेथे महिनाभर पाणी घालून, कौतुकाने वाढवलेली रोपे शेवटी साधी घोळ निघाली.

म्हणून या लेखात लागवडीच्या आधी ओळखीला जास्त जागा दिली आहे. ही वनस्पती वाढवणे अवघड नाही. ती ओळखण्यातच चूक होते आणि हंगाम वाया जातो.

नावे अनेक, झाड एक

रोपवाटिकेत हिला कोणी चिनी गुलाब म्हणतात, कोणी पोर्चुलाका, तर कोणी 'ऑफिस टाइम'. हे शेवटचे नाव अगदी चपखल आहे. फुले सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उघडतात व दुपारनंतर मिटतात. चीनशी मात्र हिचा काही संबंध नाही आणि ही गुलाबाच्या कुळातीलही नाही. हिचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलचा कोरडा, उघडा, वाळूमुरमाचा प्रदेश. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांनी १८२९ साली 'पोर्चुलाका ग्रँडिफ्लोरा' या नावाने तिचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या शेतातील घोळ आणि चिवळ या तिच्या सख्ख्या बहिणी, म्हणजे एकाच प्रजातीतील वनस्पती आहेत. रोपावस्थेत फसगत होते ती याच नात्यामुळे.

फुलांच्या रंगाबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. जास्वंद किंवा गोकर्णाच्या फुलात जे रंगद्रव्य असते ते चिनी गुलाबात नसते. बीटच्या कांद्याला लाल करणाऱ्या रंगद्रव्याच्या गटातील द्रव्ये याच्या पाकळ्यांत असतात. रंग इतका झळझळीत दिसतो तो त्यामुळे.

शेजारी ठेवून पाहा

जमिनीलगत पसरणाऱ्या, मांसल पानांच्या चार-पाच वनस्पती आपल्या बांधावर आणि अंगणात सापडतात. त्या एकदा उपटून ओट्यावर शेजारी-शेजारी ठेवा आणि पुढील खुणा ताडून पाहा. एकदा डोळ्याला सवय झाली की पुन्हा चूक होत नाही.

चिनी गुलाबाचे पान गोल व लांबट असते. ते चपटे नसते, जाडसर सुईसारखे दिसते. लांबी साधारण एक ते तीन सेंटिमीटर. बोटात धरून फिरवले तर गोल फिरते. दुसरी आणि पक्की खूण म्हणजे पानाच्या बगलेत, म्हणजे पान खोडाला जेथे चिकटते तेथे, पांढऱ्या लांब केसांचा झुबका असतो. फुलाखाली हा झुबका अधिकच दाट होतो. खोड तांबूस असून झाडाची उंची सहसा वीतभराच्या आतच राहते. फूल अडीच ते चार सेंटिमीटर रुंद, एकेरी असल्यास पाच पाकळ्यांचे. दुहेरी जातीत ते लहान गुलाबासारखे भरगच्च दिसते.

घोळीचे पान चपटे, टोकाला रुंद आणि देठाकडे निमुळते, छोट्या चमच्यासारखे असते. खोड गुळगुळीत, जाड, लालसर. बगलेतील केस इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना जवळपास दिसतच नाहीत. फूल पिवळे आणि अगदी लहान, एक सेंटिमीटरच्या आतले.

चिवळीत सून फसली, कारण चिवळीलाही सांध्यावर पांढरे केस असतात. पण चिवळीचे खोड दोऱ्यासारखे बारीक असते आणि जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेऱ्यावर मुळे फुटतात. पाने समोरासमोर जोडीने येतात, लहान आणि चपटी असतात. चिनी गुलाबाची पाने एकाआड एक येतात. चिवळीचे फूल पिवळे, बहुधा चार पाकळ्यांचे. विदर्भाप्रमाणे आपल्याकडेही उन्हाळ्यात तिची भाजी आवडीने खातात, तेव्हा वास आणि चव ओळखीची असतेच. शंका आली तर पेरे पाहावे.

अलीकडे रोपवाटिकांत आणखी एक बहीण मोठ्या प्रमाणावर येते. तिचे पान घोळीसारखे चपटे असते आणि फूल चिनी गुलाबासारखे मोठे. शास्त्रीय नाव 'पोर्चुलाका अम्ब्राटिकोला'. पान पाहून "घोळ विकली" म्हणून रोपवाटिकावाल्याशी भांडू नका. तिच्या बोंडाभोवती अंगठीसारखी पातळ कडा असते, ती घोळीला नसते. लागवड चिनी गुलाबासारखीच करावी.

राहिल्या दोन परक्या. घेटुळीच्या पांढऱ्या प्रकारात समोरासमोरची दोन पाने लहान-मोठी असतात आणि फूल पानाच्या देठाच्या खोबणीत दडलेले असते. आणि दुधी, जिला काही भागात नायटी म्हणतात, ती तोडली की पांढरा चीक येतो. पोर्चुलाकाच्या कोणत्याही जातीत चीक नसतो. घोळ किंवा चिवळ भाजीसाठी खुडताना चीक दिसला तर ती काडी टोपलीत घेऊ नये. लहान मुलांना हे आवर्जून शिकवावे, कारण पाटाच्या कडेला दुधी आणि घोळ बऱ्याचदा एकत्रच उगवतात.

खाण्याबाबत दोन शब्द

घोळ ही उत्तम भाजी आहे. जवसात आढळणारा उपयुक्त स्निग्ध घटक तिच्या पानांत पालेभाज्यांच्या मानाने चांगल्या प्रमाणात असतो. मात्र तिच्यात ऑक्झॅलेटही भरपूर असते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती बेताने खावी. ताक किंवा दही घालून घोळ करण्याची आपली पद्धत या दृष्टीने शहाणपणाची आहे, कारण दह्यातील चुना ऑक्झॅलेटला बांधून ठेवतो. उपाशी शेळ्या-मेंढ्यांना नुसत्या घोळीच्या रानात सोडू नये; पोटभर घोळ खाल्ल्याने त्यांना विषबाधा होऊ शकते.

चिनी गुलाब मात्र शोभेसाठीच ठेवावा. विकत आणलेल्या रोपांवर कोणती कीटकनाशके फवारली आहेत हे आपल्याला ठाऊक नसते. धावड्याच्या त्या सुनेने खुडलेली रोपे घरच्या काड्यांची होती, म्हणून काही बिघडले नाही. बाजारच्या ट्रेमधील रोपे असती तर गोष्ट वेगळी झाली असती.

पाणी नसताना हिरवी कशी राहते?

जालना जिल्ह्याने २०१२-१३ चा दुष्काळ पाहिला आहे. अशा वर्षी माणसांना आणि जनावरांना टँकरचे पाणी, तेथे फुलझाडाला कोण पाणी देणार? म्हणून या झाडाचे पाण्याचे गणित समजून घेणे उपयोगाचे आहे.

मका, ज्वारी आणि ऊस ही पिके कडक उन्हात हवेतील कर्बवायू अतिशय काटकसरीने वापरतात, म्हणून ती गहू-हरभऱ्यापेक्षा उन्हाला टिकतात. निवडुंग, घायपात आणि अननस यांची तऱ्हा वेगळी. ती दिवसा पानांची छिद्रे मिटून घेतात, रात्री उघडतात, कर्बवायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा वापरतात. त्यामुळे पाण्याची वाफ फार कमी होते. बहुतेक वनस्पतींत यांपैकी फार तर एकच युक्ती असते. घोळीत दोन्ही आहेत. पाणी असेल तेव्हा ज्वारीची चाल, ताण पडला की निवडुंगाची चाल त्यात मिसळते. या दोन्ही क्रिया घोळीच्या पानात एकाच पेशीत एकत्र गुंफलेल्या असतात, असे अमेरिकेतील येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली दाखवून दिले. चिनी गुलाबही याच वळणाचा आहे.

याचा पडताळा घरी घेता येतो. कोरड्या जागेतील घोळीचे पान पहाटे चावून पाहा आणि त्याच झाडाचे पान संध्याकाळी चावून पाहा. पहाटेचे पान अधिक आंबट लागते. रात्रभर साठलेले आम्ल ते हेच.

पण यातून चुकीचा अर्थ काढू नये. तहानेने झाड मरत नाही, तरी फुले कमी होतात. फुलांसाठी थोडे पाणी लागतेच.

पाकिटावरचा वसंत आणि आपला वसंत

बियांच्या पाकिटावर बहुधा छापलेले असते की पेरणी वसंत ऋतूत करावी. ही सूचना थंड देशांसाठी आहे. तेथे बर्फ व गोठवणारी थंडी संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत जमीन उबदार होते. आपला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. धावड्याच्या हलक्या मुरमाड जमिनीत त्या वेळी वरचा थर तव्यासारखा तापलेला असतो. त्यात खसखशीहून बारीक बी पेरले तर कोंब फुटतो आणि दुपारपर्यंत करपतो. "बी खोटे निघाले" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पेरणी मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये केलेली असते.

आपल्याकडे बी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात टाकावे. संक्रांतीनंतर लगेच घाई करू नये. रात्रीची थंडी जास्त असेल तर बी कुजते. फेब्रुवारीच्या सुरुवातीस टाकलेल्या बियांची रोपे मार्चच्या पहिल्या आठवड्यात लावण्याजोगी होतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे पहिली फुले दिसतात. उगवणीपासून फुलापर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे लागतात.

बियांपासून रोपे

एक ग्रॅम बियांत सुमारे दहा हजार दाणे असतात. म्हणजे चिमूटभर बी अंगणाला पुरून उरते. ते मूठभर बारीक, कोरड्या वाळूत मिसळावे म्हणजे एका जागी पडत नाही.

पसरट कुंडी, फुटका माठ किंवा मिरचीच्या रोपांचा जुना ट्रे चालतो. तळाला भोके हवीतच. दोन भाग चाळलेला मुरूम किंवा वाळू, एक भाग माती आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण भरावे. नुसती काळी माती कधीही वापरू नये. ती वर पापडी धरते आणि इवला कोंब तिच्याखाली गुदमरतो. नुसते कोकोपीटही नको, ते पाणी फार धरते. त्यात निम्मी वाळू मिसळावी.

मिश्रण आधी भिजवून घ्यावे. मग बी वरून भुरभुरावे, हाताने हलके दाबावे आणि त्यावर माती टाकू नये. या बियांना उगवण्यासाठी उजेड लागतो. हरभऱ्याप्रमाणे पुरले तर उगवणारच नाही. पाणी फवारणीच्या पंपाने, बारीक तुषारांनी द्यावे. झारीने दिल्यास बी एका कोपऱ्यात वाहून जाते. सात ते चौदा दिवसांत उगवण होते. तोपर्यंत ट्रे मिरचीच्या रोपांबरोबर शेडनेटमध्ये ठेवावा. उगवण होताच पाणी कमी करावे. ओल जास्त राहिली की रोपे जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. मिश्रणात ट्रायकोडर्मा मिसळून ठेवल्यास हा धोका कमी होतो.

काडीपासून रोपे, आमच्या मते हाच सोपा मार्ग

शेजाऱ्याकडे आवडीच्या रंगाचे झाड असेल तर बियांच्या नादी न लागता पाच ते आठ सेंटिमीटर लांबीचे शेंडे मागून आणावेत. खालची पाने काढावीत, असल्यास कळ्या खुडाव्यात आणि ओलसर मुरूम-मातीत दोन पेरी आत जातील असे खोचावे. मुळे फुटण्याची पावडर वगैरे काही लागत नाही. आठवडा-दहा दिवसांत मुळे धरतात आणि तीन-चार आठवड्यांत फूल येते. दुहेरी फुलांच्या जाती तर काडीनेच राखाव्यात. त्यांना बी फारसे धरत नाही आणि धरले तरी निघणाऱ्या रोपांत एकेरी फुलांची रोपे येतात. रंगाचेही तसेच. मधमाश्या एका रंगाचे पराग दुसऱ्यावर नेतात, म्हणून बियांपासून आलेल्या रोपांत रंगांची सरमिसळ होते.

(पराग नेण्याची याची तऱ्हा मुलांना जरूर दाखवा. उमललेल्या फुलातील पुंकेसरांना काडीने हळूच स्पर्श केला की ते स्पर्शाच्या दिशेने वळतात. कीटकाच्या अंगाला पराग नीट माखावा यासाठी ही सोय आहे.)

अंगणातील लागवड

जागा निवडताना एकच अट पाळा. तेथे किमान सहा तास सरळ ऊन हवे. लिंबाच्या दाट सावलीत किंवा घराच्या उत्तर बाजूला लावल्यास पाने येतील, फुले येणार नाहीत. ढगाळ दिवशी फुले नीट उघडत नाहीत, तो रोग समजू नये.

रोपे वीस सेंटिमीटर अंतरावर लावावीत. महिना-दीड महिन्यात मधली जागा झाकली जाते. वृंदावनाभोवती, ओट्याच्या कडेला, दगडी कुंपणाच्या फटीत, पत्र्याच्या टाकून दिलेल्या डब्यांत, कोठेही चालते. खत बेताने द्यावे. लावताना मूठभर शेणखत पुरे. मिरचीला टाकताना उरलेला युरिया याला टाकण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने झाड लुसलुशीत वाढते, फुले मात्र लागत नाहीत.

जमिनीत लावलेल्या झाडाला मुळे धरल्यावर आठवड्यातून दोन पाणी पुरतात. लहान कुंडीला एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड द्यावे. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी चालते. साबणाचे किंवा मिठाचे पाणी नको. फांद्या लांबून मधे झाड उघडे पडले की निम्म्यावर छाटावे, पंधरा दिवसांत पुन्हा भरते. छाटलेले शेंडे फेकू नका, तीच पुढची रोपे.

पिठ्या ढेकूण दिसल्यास तेवढी फांदी कापून जाळावी व पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. पाने कुरतडणाऱ्या अळ्या हाताने वेचाव्यात. याहून मोठा रोग उन्हाळ्यात सहसा येत नाही.

विकण्यासाठी लावावे का?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. सुट्या फुलांसाठी लावू नये, असे स्पष्ट सांगतो. फूल दुपारनंतर मिटते, खुडल्यावर त्याहून लवकर. हाराला, गुच्छाला, कशालाच ते चालत नाही. बाजार आहे तो रोपांचा. भोकरदन, सिल्लोड भागात मिरचीची रोपे तयार करणारे अनेक शेतकरी आहेत. ट्रे, शेडनेट आणि पाण्याची सोय त्यांच्याकडे आहेच. त्यांनी पहिल्या वर्षी चार-पाच ट्रेच काड्या लावून पाहाव्यात आणि रोपाला फूल आल्यावरच ती आठवडी बाजारात किंवा जालना, बुलढाणा, छत्रपती संभाजीनगरच्या रोपवाटिकांना दाखवावीत. रंग दिसल्याशिवाय गिऱ्हाईक हात लावत नाही. जास्त ट्रे भरण्याआधी विक्री कोठे होणार हे ठरवून घ्यावे.

घोळीचा बंदोबस्त

चिनी गुलाबाच्या वाफ्यात घोळ उगवली तर ती लहान असतानाच मुळासकट काढावी. एका मोठ्या घोळीपासून दोन लाखांहून अधिक बी पडल्याच्या नोंदी आहेत आणि ते जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते. खुरपलेली घोळ सरीत टाकून देणे ही नेहमीची चूक. तुटलेले खोड ओलीवर पुन्हा मुळे धरते आणि उपटलेल्या झाडावरील बोंडे पडल्या-पडल्याही पिकतात. मिरचीच्या रानातही हेच लागू आहे. घोळ पाटीत भरून रानाबाहेर न्यावी, कोवळी असल्यास घरी भाजीला न्यावी, आणि बोंडे धरलेली थंड उकिरड्यावर टाकू नये. चिनी गुलाब बांधाकडेने थोडाफार आपोआप उगवतो, पण घोळीसारखा रानात तण होऊन बसत नाही.

आणि वाफ्यावर पाटी लावा. आमच्याच एका प्रात्यक्षिकाच्या वाफ्यातील सगळी रोपे निंदणीच्या वेळी घोळ म्हणून उपटली गेली होती. निंदणाऱ्या बायांची चूक नव्हती. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

पावसाळ्यात बीज राखणे

उन्हाळा सोसणारे हे झाड श्रावणातल्या झडीत मरते. मुळाशी पाणी साचले की खोड बुडातून कुजते. म्हणून जून लागण्यापूर्वी प्रत्येक रंगाच्या पाच-सहा काड्या डब्यात लावून वळचणीच्या आत, पण उजेडात ठेवाव्यात आणि पाणी अगदी कमी द्यावे. बी धरायचे असल्यास मे महिन्यातच धरावे. एकेरी फूल सुकल्यावर छोटे बोंड तयार होते. त्याचे वरचे अर्धे टोपणासारखे निघते व आत करड्या-काळ्या रंगाचे चकचकीत बी दिसते. टोपण निघाले की वाऱ्यानेही बी सांडते, त्यामुळे बोंड पिवळसर होताच रोज सकाळी खुडून कागदाच्या पुडीत टाकावे, सावलीत आठवडाभर वाळवावे आणि पुडीवर रंग व महिना लिहून धान्याच्या कोठीजवळच्या कोरड्या जागी ठेवावे. थंडीत डब्यातील झाडे सुस्तावतात, फुले थांबतात. त्यांना भिंतीच्या दक्षिण बाजूला, उन्हात सरकवावे आणि फेब्रुवारीत त्यांचेच शेंडे काढून नवी लागवड करावी.